रुमैलच्या सात खजुरी

१

गुरुवारी सकाळी साडेआठला जयप्रकाश खांबेट्यांनी पत्र्याच्या लांब नळीचं झाकण काढलं, आतली गुंडाळी अलगद बाहेर ओढली आणि टेबलावर पसरली. मग ते खुर्चीत बसले. समोर कोरा ट्रेसिंग पेपर होता. त्यावर एक रेघसुद्धा नव्हती.

नळीत रुमैलचा नकाशा असायला हवा होता. १९८० साली कापडावर शाईने, हाताने काढलेला. ओमानच्या उत्तरेकडच्या डोंगरात, वादी रुमैल नावाच्या पावसाळी नदीच्या काठी वसलेल्या एकाकी गावाचा तो एकमेव जुना नकाशा. सोमवारीच तो मस्कतच्या सरकारी दप्तरातून किनाऱ्यावरच्या सहम शहरातल्या या छोट्या सर्व्हे कंपनीत आला होता आणि पोचपावतीवर सही होती खांबेट्यांची.

शाहीन वादळात रुमैलची बावीस घरं वाहून गेली, त्याला आता दोन वर्षं झाली होती. ती बावीस कुटुंबं सहममध्ये भाड्याच्या खोल्यांत दिवस काढत होती. त्यांच्यासाठी गावाच्या पूर्वेच्या सपाट मैदानावर नवी घरं बांधायची की नाही, हे रविवारी समिती ठरवणार होती. मैदानाची आजची उंची ड्रोनने मोजून झाली होती. पण त्याच्या खाली मूळचा पक्का खडक आहे की कुणी टाकलेला भराव, हे ड्रोनला कळत नव्हतं. बोअर मारून बघावं, तर वादळाने रस्ता असा खाल्ला होता की जीप कशीबशी वर जायची, बोअरचं अवजड मशीन नाही. उरला जुना नकाशा. त्यात त्या जागी चांगला ठळक उंचवटा दाखवलेला होता, म्हणजे खाली पक्का खडकच, असं सगळे धरून चालले होते.

"मिस्टर जयप्रकाश," कंपनीचा मॅनेजर यासिर दारात उभा राहून म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "रविवारी सकाळी दहापर्यंत नकाशा मिळाला नाही, तर मला पोलिसांना कळवावं लागेल. पावतीवर तुमची सही आहे."

२

वासंती खांबेटे शाळा सुटल्यावर तडक ऑफिसात आल्या. सोळा वर्षं त्या सहमजवळच्या भारतीय शाळेत भूगोल शिकवत होत्या. कोणत्या मुलाने नकाशा स्वतः काढला आणि कोणत्या मुलाने खिडकीच्या काचेवर ठेवून गिरवला, हे त्या वहीवर नजर टाकताच सांगत. शाळेतून हरवलेली स्पर्धेची ढाल त्यांनी एकदा अर्ध्या दिवसात शोधून दिली होती, आणि घेणाऱ्या मुलीचं नाव कुणालाही कळू न देता.

"तू घरी जा," जयप्रकाश म्हणाले. "इथे तू काय करणार?"

"तुमच्या सहीचा प्रश्न आहे. मी फक्त चार जणांशी बोलते."

आधी त्यांनी नळी पाहिली. ती ठेवलेल्या कपाटाचं कुलूप तोडलेलं नव्हतं. कपाटाच्या तीन किल्ल्या होत्या. एक जयप्रकाशांकडे, एक यासिरकडे आणि एक स्टोअरमधल्या खिळ्यावर, जिथून ती कुणालाही घेता आली असती. नकाशा शेवटचा पाहिला होता सोमवारी संध्याकाळी. कोरा कागद आत घातल्यामुळे नळीचं वजन तेवढंच वाटत होतं. म्हणजे मधल्या तीन दिवसांत तो कधीही गेला असेल.

"नळीत अजून काय होतं?" त्यांनी विचारलं.

"नकाशाला गुंडाळलेला बटर पेपर. आणि हाताळताना घालायचे पांढरे सुती हातमोजे."

"ते कुठे आहेत?"

जयप्रकाशांनी कपाट पुन्हा चाचपलं. दोन्ही गोष्टी नव्हत्या.

वासंतींनी रिकामी नळी उलटी करून झटकली. ज्याला नकाशा जाळायचा किंवा फाडायचा आहे, तो हातमोजे कशाला नेईल?

पुण्याचा रुचिर हा सव्वीस वर्षांचा इंजिनियर. ड्रोनचं काम त्याच्याकडे होतं. तो आधीच घाबरलेला होता.

"काकू, आय स्वेअर, मी हात नाही लावला. उलट माझ्याकडे फोटो आहे. सोमवारी मोबाइलवर काढला होता, पण फक्त खालच्या अर्ध्याचा. समितीला चालणार नाही, त्यांना ओरिजिनलच लागतो. तुम्हाला पाठवू?"

"पाठव. सोमवारी नकाशा उघडला तेव्हा कोण कोण होतं?"

"सर, मी, यासिर आणि स्टोअरचे एकनाथकाका. काका चहा घेऊन आले होते. नकाशा बघत असे उभे राहिले, की चहा पार गार झाला. मग म्हणाले, हात नका लावू, घामाने शाई फुटते. मोजे त्यांनीच आणून दिले."

"मंगळवारी तुम्ही रुमैलला गेलात?"

"हो. यासिर, काका आणि मी. यासिरची आजी पण होती. ती मैदानाच्या कडेला उभी राहून काहीतरी ओरडत होती. इथे घरं बांधू नका, इथे खाली बाग होती, असं. यासिर म्हणाला, तिचं वय झालंय, लक्ष देऊ नका."

हुसेन हा बांधकाम ठेकेदाराचा माणूस, मूळचा हैदराबादचा. नकाशा गेल्याचं ऐकून तो ऑफिसात धावत आला होता आणि वासंतींच्या प्रश्नाने तो दुखावला गेला.

"भाभीजी, आप मुझ पे शक करती हैं? त्या नकाशात मैदान पक्कं आहे. माझ्या मालकाला तेच तर हवंय. माझं चाललं असतं तर मी त्याच्या दहा कॉप्या काढून भिंतीला लावल्या असत्या."

त्याचं म्हणणं खरं होतं. नकाशा गेल्याने हुसेनचं नुकसानच होत होतं.

मग फायदा कुणाचा होत होता? त्या मैदानावर घरं नकोत असं म्हणणारं माणूस एकच होतं. आणि त्या माणसाचा नातू कपाटाची किल्ली खिशात घेऊन फिरत होता.

३

यासिरने वासंतींच्या नजरेतला प्रश्न ओळखला, आणि तो चिडला नाही.

"तुम्हाला वाटतं आजीसाठी मी नकाशा लपवला. उद्या शुक्रवार आहे. घरी या. तुम्हीच तिच्याशी बोला."

शुक्रवारी सकाळी वासंती आणि जयप्रकाश यासिरच्या घरी गेले. बैठकीत खजूर, अरबी काहवा-कॉफी आणि गुलाबपाण्याचा वास होता. सिदरा आजी गालिच्यावर ताठ बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, पण डोळे लख्ख. यासिर अरबीतलं हिंदीत सांगत होता.

"मला विचारायला आलीस, बिंती, पोरी?" आजी म्हणाली. "बरं झालं. समितीतल्या लोकांनी मला विचारलंच नाही. त्यांनी नकाशाला विचारलं."

"त्या मैदानाच्या जागी काय होतं, आजी?"

"आमची बाग. सात खजुरी आणि एक विहीर. मी रोज घागर घेऊन खाली उतरायचे. अकरा पायऱ्या होत्या, खडकात कोरलेल्या. याचा बाप पोटात होता तेव्हा मी एकेक पायरी मोजून चढायचे, म्हणून आकडा लक्षात आहे."

"खाली उतरायचात? नक्की खाली?"

"पाण्याकडे माणूस वर चढून जातं का?" आजी हसली. "पुढे आमच्या फलजचं, गावच्या कालव्याचं, पाणी आटलं. गाव उठलं, सगळे सहमला आलो. चौदा वर्षांनी रस्ता आला तेव्हा परतलो, तर बाग दिसेना. सगळं सपाट. त्या बागेतलं पाणी प्यालेलं माणूस आता मी एकटीच उरले. बाकीचे म्हणतात, म्हातारी जागा विसरली."

यासिरने मान खाली घातली. "मी पण तेच म्हणालो होतो," तो पुटपुटला. "समितीची माफीसुद्धा मागितली तिच्या वतीने."

वासंतींनी त्याच्याकडे पाहिलं. ज्याचा आजीवर विश्वासच नव्हता, तो तिच्यासाठी नोकरी पणाला लावून चोरी करेल असं त्यांना वाटेना.

त्या उठणार, एवढ्यात आजी सहज म्हणाली, "तुमच्यातल्या त्या माणसानेही हेच विचारलं. किती पायऱ्या, कुठून सुरू होत होत्या, बाजूला कुठला दगड होता. दोनदा विचारलं."

"कोणत्या माणसाने?"

"मंगळवारी रुमैलला आला होता ना, यासिर ड्रोनपाशी होता तेव्हा. नाव नाही माहीत. आमची भाषा चांगली बोलतो. मी कॉफी दिली तर आधी डाव्या हाताने घेतली, मग लाजला आणि कप उजव्या हातात धरला. मी म्हटलं, असू दे, दोन्ही हात देवानेच दिलेत."

एवढं बोलून ती थांबली, जणू नको ते सांगून बसली. वासंतींनी आणखी दोन प्रश्न विचारले, पण आजीने खजुराची परात पुढे सरकवली आणि ती शहाण्यासारखी बहिरी झाली.

४

दुपारी घरी वासंतींनी रुचिरचा फोटो लॅपटॉपवर मोठा करून उघडला आणि पहिली दहा मिनिटं त्या चोरीचं विसरूनच गेल्या.

"काय काम केलंय हो!" त्या म्हणाल्या. "हे बघा."

उंची दाखवणाऱ्या विटकरी रंगाच्या समोच्च रेषा केसासारख्या बारीक होत्या, आणि एकही कुठे थरथरली नव्हती. फलजचा निळा कालवा डोंगराच्या कुशीतून निघून घराघराजवळून वळत गेला होता. प्रत्येक घराला दार दाखवलं होतं, आणि दार ज्या दिशेला असेल त्याच दिशेला. शेळ्यांचा गोठा होता, मशिदीची पायरी होती. एवढंसं गाव, ज्याचं नाव मस्कतमध्येही कुणाला ठाऊक नव्हतं, पण काढणाऱ्याने ते असं काढलं होतं की जणू तिथे त्याचं माहेर असावं.

"सही इंग्रज साहेबाची आहे," जयप्रकाश म्हणाले. "सर्व्हे पार्टीचा प्रमुख होता. मोठा माणूस."

"सही त्याची असेल. हात त्याचा नाही." वासंती स्क्रीनच्या जवळ सरकल्या. "कड्यांवर हे बारीक फटकारे मारलेत ना, ते उलटे झुकलेत. आपण उजव्या हाताने छायांकन केलं तर रेघा अशा उजवीकडे कलतात. माझ्या वर्गात दोन डावखुरी मुलं आहेत, त्यांच्या रेघा बरोब्बर अशा कलतात. हा नकाशा डावखुऱ्या माणसाने काढलाय."

जयप्रकाशांनी चष्मा नीट केला.

"आणि आता इथे बघा," वासंतींचा आवाज बदलला. "पूर्वेचं मैदान. रेषा सांगतात की ही जागा कालव्यापेक्षा चार मीटर उंच आहे. पण त्या उंचवट्यावर खजुरीच्या खुणा आहेत. एक, दोन... सात. शेजारी विहिरीचं चिन्ह. आणि कालव्याची एक निळी फांदी थेट त्यांच्याकडे गेलीये."

"मग?"

"फलजला पंप नसतो. पाणी चार मीटर चढून खजुरींना कसं जाईल?"

जयप्रकाशांना पंचवीस वर्षांचा अनुभव होता. हा नकाशा त्यांनी सोमवारी अर्धा तास पाहिला होता. त्यांनी कपाळावर हात मारला.

"खळगा आहे तो," ते म्हणाले. "खळग्याचा उंचवटा झालाय. वासंती, नकाशाच चुकलाय!"

"आजी बरोबर आहे आणि नकाशा चूक आहे. आता उलट विचार करा. नकाशा चुकलाय हे ज्याला कळलं, त्याला तो रविवारी समितीपुढे जायला नको होता. हुसेनला हे माहीत असणं शक्य नाही, त्याला तर नकाशा हवा होता. रुचिरला माहीत असतं तर त्याने मला फोटो दिलाच नसता. यासिर स्वतःच आजीला खोटं ठरवत होता. त्रेचाळीस वर्षांपूर्वीची चूक आजीच्या एका वाक्यावरून कुणाच्या लक्षात येईल?"

"ज्याने ती केली त्याच्या."

"डावखुरा, अरबी चांगली येणारा, आणि कापडी नकाशाला घाम लागू नये म्हणून मोजे आणून देणारा," वासंती उठल्या. "ऑफिसची किल्ली घ्या. मला स्टोअरचं रजिस्टर बघायचंय."

५

स्टोअरचं रजिस्टर बारा वर्षांपासून एकाच हातचं होतं. अक्षर सुंदर, छापल्यासारखं, पण प्रत्येक ओळीवर पेनाची शाई किंचित पुसटलेली. डावा हात लिहिलेल्यावरून पुढे सरकत गेला की होतं तसं.

बुधवारची नोंद होती: 'लेव्हल क्र. ३, दुरुस्तीसाठी बाहेर.' जमिनीचा चढउतार मोजायचं ते यंत्र स्टोअरमध्ये नव्हतं. त्याच्या जोडीची, आकडे लिहिलेली उंच पट्टीही नव्हती.

"पट्टीला कसली दुरुस्ती लागते?" वासंती म्हणाल्या.

स्टोअर सांभाळत होता एकनाथ धुरी. मालवणकडच्या आचऱ्याचा, वय चौसष्ट. जयप्रकाशांना त्याच्याबद्दल माहीत होतं ते एवढंच, की तो फार वर्षांपूर्वी ओमानला आला, आधी मस्कत, मग सूर, मग दुक्म असा फिरला, आणि हातातलं काम कधी अर्धं सोडत नाही. कंपनीने त्याला स्टोअरकीपर म्हणून ठेवून घेतलं होतं. तो कधी काळी नकाशे काढायचा, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

जयप्रकाशांनी फोन लावला. बंद होता.

"पळून गेला असेल?" त्यांनी विचारलं.

"यंत्र आणि पट्टी घेऊन? पळणारा माणूस बॅग घेतो. पण मला एक कळत नाही. लेव्हल एकट्याने चालवता येत नाही ना? एक जण यंत्रात बघतो आणि दुसरा लांब पट्टी धरून उभा राहतो. मग हा दुसरा कोण?"

त्याचं उत्तर शनिवारी सकाळी सातला आलं. यासिरचा फोन होता, आणि या वेळी त्याचा आवाज शांत नव्हता.

"मॅडम, आजी घरात नाही. शेजारी सांगतात, पहाटेच्या फजरच्या नमाजानंतर एक हिंदी माणूस पिकअप घेऊन आला आणि ती त्याच्याबरोबर गेली!"

६

यासिरच्या जीपमधून तिघं रुमैलला पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. वादीचा तळ पांढऱ्या गोट्यांनी भरलेला होता आणि वादळाने मोडलेल्या घरांच्या भिंती अजून तशाच उभ्या होत्या. मैदानाच्या कडेला पिकअप दिसली.

तिच्या पलीकडे, काळ्या पायघोळ अबायात, हातात चार मीटर उंचीची लाल-पांढरी पट्टी सरळ धरून सिदरा आजी उभी होती. पट्टी जराही हलत नव्हती. पन्नास पावलांवर एकनाथ धुरी तिपाईवरच्या यंत्रात एक डोळा लावून वाकला होता.

"आजी!" यासिर ओरडला.

"हलू नको," आजीने त्यालाच दटावलं. "आकडा वाचतोय तो."

एकनाथने आकडा वहीत डाव्या हाताने लिहिला, मग सरळ उभा राहिला. त्याने जयप्रकाशांना नमस्कार केला. पिकअपमधून बटर पेपरात गुंडाळलेली गुंडाळी काढली, हातात पांढरे मोजे चढवले आणि ती त्यांच्यापुढे धरली.

"साहेब, तुमचा नकाशा. एक चुणीसुद्धा पडूक देलंय नाय."

जयप्रकाश दोन दिवस झोपले नव्हते. "एकनाथराव, माझी नोकरी जात होती. व्हिसा जात होता. तुम्हाला एक शब्द बोलता आला नाही?"

"बोललो असतो तर तुम्ही एक तर मला अडवलं असतं, नाहीतर मला साथ दिली असती. दोन्हीत तुमचं नाव गुंतलं असतं. उद्या सकाळी दहाच्या आत मी स्वतः नकाशा घेऊन समितीपुढे उभा राहणार होतो. पत्र लिहून ठेवलंय, यात जयप्रकाश साहेबांचा काही संबंध नाही म्हणून." त्याने खिशातून दुमडलेला कागद काढला. "पण नुसतं बोलून कोण ऐकणार? तिकडे मोठ्या साहेबाची सही, आणि इकडे मी चहा आणणारा. पुरावा लागतो. त्यासाठी हा नकाशा हातात हवा होता आणि दोन दिवस हवे होते."

"हा तुम्ही काढलात ना?" वासंतींनी विचारलं.

एकनाथने मान डोलावली.

"एकवीस वर्षांचा होतो, वहिनी. पट्टी धरायला म्हणून आलो होतो. साहेबाने माझं अक्षर बघितलं आणि तंबूत शाई-पेन देऊन बसवलं. महिनाभर इथे होतो. या गावाने मला जेवू घातलं, म्हणून दारंसुद्धा चुकवली नाहीत मी. पण या बागेची मापं ज्या पानावर होती, ते पान घामाने भिजलं होतं. उणे चार होतं. उण्याची रेघ पुसली गेली होती आणि मी ते अधिक चार वाचलं. परत येऊन बघायला हवं होतं. ट्रक निघायच्या घाईत होता, आणि मी बघितलं नाही." त्याची बोली आपसूक आचऱ्याची झाली. "खळगो होतो ह्यो, वैनी. मियां तेचो डोंगर केलंय. सोमवारी नकाशो बघलंय तेव्हा माका आनंद झालो. मंगळवारी म्हातारी 'खाली उतरायचे' म्हणाली, आणि माझी चूक माझ्या ध्यानात इली. बावीस घरां, वैनी. पोरांबाळांची घरां."

"पुरावा मिळाला?" जयप्रकाशांनी विचारलं. त्यांचा राग कधी निघून गेला ते त्यांनाही कळलं नव्हतं.

आजीने पट्टी यासिरच्या हातात दिली आणि ती पुढे चालू लागली. मधोमध चिरलेल्या एका मोठ्या खडकाजवळ ताजी खणलेली माती होती. तिथे खडकात कोरलेल्या पायऱ्या उघड्या झाल्या होत्या. पाच पायऱ्या, वापरून वापरून मध्ये झिजलेल्या, एकाखाली एक भरावात शिरत गेलेल्या.

"पहिलीच्या शेजारी बघा," एकनाथ म्हणाला.

खडकावर छिन्नीने कोरलेला बाण होता आणि खाली '८०' हा आकडा.

"आमच्या सर्व्हे पार्टीची खूण. इथून खाली मापं घेतली होती. वर नाही, खाली. रस्ता फोडताना निघालेला सगळा राडारोडा या खळग्यात लोटलाय. वरून सपाट दिसतं. उद्या वादीला मोठं पाणी आलं, की ते आपल्या जुन्या वाटेने इकडेच शिरेल आणि हा भराव घरांसकट उचलून नेईल."

वासंती वाकल्या आणि त्यांनी झिजलेल्या पायरीवर हात ठेवला. उंचवट्यावर खाली उतरणाऱ्या पायऱ्या कुणी कोरत नाही. याहून साधा पुरावा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

यासिर आजीसमोर गुडघ्यावर बसला होता. तो काय म्हणाला ते इतरांना कळलं नाही. आजीने त्याच्या डोक्यावरची कुम्मा टोपी सरळ केली आणि त्याला फावडं दाखवलं.

"माफी नंतर माग. अजून सहा राहिल्यात. यल्ला, चल."

७

रविवारी समितीसमोर एकनाथ उभा राहिला तेव्हा त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. त्याने सगळं सांगितलं. नकाशा घेतल्याचं, खोटी नोंद केल्याचं, आणि त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या चुकीचं. यासिरने अकरा पायऱ्यांचे फोटो टेबलावर मांडले. शेवटच्या पायरीपर्यंत पोचायला चौघांना आणि गावात राहिलेल्या माणसांना संध्याकाळचे पाच वाजले होते. तळाशी विहिरीचा दगडी काठ सापडला होता.

समितीचे अध्यक्ष वयस्क इंजिनियर होते. त्यांनी मूळ नकाशा बराच वेळ निरखला.

"यावर फार मोठ्या माणसाची सही आहे," ते म्हणाले. "हा तुम्ही काढलात, याला आधार काय?"

एकनाथने कागद मागितला. उभ्याउभ्याच, टेबलावर वाकून, त्याने डाव्या हाताने एक कडा काढला. एकामागून एक बारीक फटकारे, सारखे, उलटे झुकलेले. हात चौसष्ट वर्षांचा होता, पण एकही रेघ थरथरली नाही. मग त्याने कागद नकाशातल्या कड्याशेजारी सरकवला.

अध्यक्षांनी दोन्हींकडे आलटून पालटून पाहिलं.

"एवढा चांगला नकाशा काढणाऱ्याने त्यातली चूक आमच्यापासून लपवली असती, तर ती कुणाला कधीच कळली नसती."

"मला कळली होती ना, सर," एकनाथ म्हणाला.

पूर्वेचं मैदान रद्द झालं. वादीच्या पश्चिमेला, मशिदीच्या मागच्या खडकाळ धारेवर घरं बांधायचं ठरलं. दस्तऐवज परवानगीशिवाय नेल्याबद्दल एकनाथला लेखी ताकीद मिळाली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि पोचपावतीवर सही केली. बाहेर आल्यावर हुसेनने त्याला कडकडून मिठी मारली. त्याच्या मालकाला नवी जागा महागात पडणार होती, पण त्या दिवशी हुसेनला त्याचं काही वाटलं नाही.

जयप्रकाशांनी दुसऱ्याच दिवशी ड्रॉइंग सेक्शनमध्ये खिडकीजवळ एक टेबल रिकामं केलं. रुचिर रोज जेवणाच्या सुट्टीत तिथे बसू लागला. सॉफ्टवेअर सगळं करून देतं, पण डोंगर कसा वाचायचा ते काका सांगतात, असं तो वासंतींना म्हणाला.

"तुम्ही त्यांना पकडलंत, काकू," रुचिर एकदा म्हणाला. "पण तुम्हाला वाईट वाटलं नाही?"

"पकडलं कुठे?" वासंती म्हणाल्या. "मी फक्त इतका सुंदर नकाशा कुणी काढला, ते शोधलं."

दीड वर्षाने, मार्चमधल्या एका दुपारी, डोंगरात ढग फुटला. खाली सहममध्ये नुसतं आभाळ काळं झालं होतं. चारच्या सुमारास एकनाथचा फोन वाजला. यासिर रुमैलहून बोलत होता, पाण्याच्या आवाजावर ओरडून.

"काका, गेलं! पूर्वेचं मैदान गेलं! अर्ध्या तासात! आता तिथे नदी आहे!"

"माणसं?"

"सगळी वर आहेत, नव्या घरांत. आजी दारात उभी राहून बघतेय. एका घरालासुद्धा पाणी लागलं नाही, काका!"

ऑफिसात सगळे एकनाथकडे बघत होते. त्याने डोळे मिटून घेतले होते. मग त्याने टेबलावरची वही पुढे ओढली आणि पेन हातात घेतलं.

"पाणी कुठपर्यंत चढलं?"

"आता ओसरायला लागलंय..."

"मग धाव," एकनाथ म्हणाला. "ओसरायच्या आत दगडावर खूण करून ठेव. मी शुक्रवारी लेव्हल घेऊन येतो."